जाळीचं वाण

४ जुलै २००४, रवि.
सौ.नं आज पंचांग काढून नाकासमोर धरलं. यंदा अधिक श्रावण. म्हणजे धोंड्याचा महिना. म्हणजे जावयाला बोलवा, धोंडे खाऊ घाला, वाण द्या. मागच्या अधिकात मनीषाचं लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा हा पहिलाच. "पहिला अधिक चुकवायचा नसतो," सौ. म्हणाली. मी पेपर वर केला.
पोरीनं कोर्टात लग्न केलं आणि आम्हाला संध्याकाळी फोनवर सांगितलं. अडीच वर्षं झाली. त्याच दिवशी ठरवलं, त्या घराच्या दारात पाय ठेवणार नाही. मनीषा येते, जाते, राहते. तिच्याशी कसलं भांडण! तो कॉलनीच्या गेटवर गाडी उभी करतो, तिला उतरवतो, जातो. मी आत या म्हटलेलं नाही. या वहीतही त्याचं नाव लिहीत नाही. ज. म्हणजे जावई. तेवढं पुरे.

६ जुलै, मंगळ.
सौ.: "अधिकात जावई म्हणजे विष्णू."
मी: "सिडकोत मोबाइलचं रिचार्ज मारतो तुझा विष्णू."
रात्री आमटीत मीठ नाही. मागितलं तर बरणी आणून आदळली. शेवटी म्हटलं, बोलव बाई, बोलव.

८ जुलै, गुरु.
आता वाणावरून. तिला चांदीचा दिवा द्यायचाय. मी म्हटलं, चांदी-बिंदी नाही. "मग जाळीचं काहीतरी द्या. अधिकात जाळीचंच देतात. अनारसे, बत्तासे, भोकं असलेलं."
डोकं तापलेलं होतं. म्हटलं, "मग गाडीची अलॉय व्हील देतो. त्यांनाही भोकंच भोकं असतात!"
ही बया ते खरं धरून बसली. दुपारी मनीषाचा फोन आला तर तिला सांगूनही मोकळी. तिकडून पोरगी ओरडली ते मला खाटेवर ऐकू आलं. "आई, त्याला केव्हापासून हवीत गं! रस्त्यानं जाताना दुसऱ्यांच्या चाकांकडेच बघत असतो."
घ्या. थट्टेची झाली मस्करी.

११ जुलै, रवि.
मनीषा आली. पाचवा महिना लागलाय, तोंड जरा भरलंय. बरी दिसते.
ती यायच्या वेळेला मी दुधाची किटली घेऊन गेटवर. ज.ची पांढरी झेन. जुनीच घेतलेली. लोखंडी डिस्क, गंजलेल्या, वरचे कप गळून गेलेले. ज. काच खाली करून म्हणाला, "नमस्कार मामा." मी चाकाकडे बघत "हं" म्हटलं. नट मोजले. चार.
दूध न घेताच घरी. सौ. हसली नाही, पण हसायच्या बेतात होती.

१४ जुलै, बुध.
कारखान्यात आमच्या शॉपमधल्या कुलकर्ण्यांच्या बलेनोची जुनी अलॉय टायरसकट त्यांच्या गॅरेजात पडून आहेत. त्यांनी नवीन मोठी घातली. चारही चांगली, ठोकर नाही, वाकडं नाही. भोकं चार.
कुलकर्णी म्हणाले, "झेनला बसतील ना? मोजून घ्या हो एकदा."
मी म्हटलं, "तिथे चार, इथे चार. बसतील की."
खरं म्हणजे मोजायचं तर गाडीपाशी जायला हवं. गाडी त्याच्या दारात. गेटवर मोजायचं तर त्याला म्हणावं लागेल, जरा थांबा. तेही नको.

१८ जुलै, रवि.
अधिक लागला. सौ.नं अनारशाचं पीठ मुरत घातलंय. मी मोरीत चाकं घासतोय. साबण, ब्रश, मग पॉलिश. शेजारचे वाघ डोकावून गेले, "काय साहेब, मॅगव्हील? स्कूटरला बसवता काय?" म्हटलं, जावयाला. पहिल्यांदाच तोंडातून हा शब्द लोकांसमोर गेला. वाघ चाटच पडले.
चकाकतात मात्र.

२५ जुलै, रवि.
ज. घरात आला. उंबऱ्यावर जरा थांबला, मग उजवा पाय टाकला. सौ.नं ओवाळलं. पुरणाचे धोंडे, वर तूप. तेहेतीस अनारसे तबकात, आणि पाटाशेजारी चार चाकं एकावर एक, कुंकू लावलेली, वर तुळशीचं पान. दिसत होतं विचित्रच. मनीषा हसून हसून बेजार.
ज. हसला नाही. चाकावरनं हात फिरवला, मग माझ्या पाया पडला. मी "असू द्या, असू द्या" म्हटलं.
जेवण झाल्यावर गॅलरीत जाऊन कळवणला त्याच्या आईला फोन. त्यांची घरात अहिराणी. "माय, चाकं दिन्हात मामांनी. लई भारी शेतस!" हळू बोलत होता, पण गॅलरी आमची एवढीशी.
जाताना चाकं डिकीत आणि मागच्या सीटवर. सौ. म्हणाली, "झालं ना? काय झिजलात का?" नाही झिजलो.

२९ जुलै, गुरु.
मनीषाला फोन. "बसली का चाकं?"
"हो पप्पा. बसली."
मध्ये जरा थांबली होती का? की लाइनच तशी.

१ ऑगस्ट, रवि.
आज सगळं मुसळ केरात.
दोघं आले. गेटवर न थांबता गाडी थेट बिल्डिंगखाली. मी हौसेनं खाली गेलो. चाकं ऐटीत चमकत होती. वाकून बघितलं तर भोकं आठ. चारांत नट, चार मोकळी.
"हे काय?"
ज. ओशाळून म्हणाला, "मामा, भोकं चारच होती, पण जुळेनात. झेनची लांब लांब, ह्यांची जवळ. मग सातपूरला एकाकडून मधल्या जागेत नवीन पाडून घेतली. बसली आता."
मधल्या जागेत! एक भोक तर जाळीच्या अगदी काठाला. तिथे धातू किती उरला, बोटाच्या नखाएवढा. आमच्या तपासणी खात्यात वॉशरसुद्धा मोजल्याशिवाय आत घेत नाहीत आणि मी चाकं दिली न मोजता. त्या चाकांवर माझी गरोदर पोर आग्रा रोडनं ट्रकांच्या मधनं आलेली.
"काढा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता काढा ती!"
आवाज मोठा झाला. वरच्या खिडक्या उघडल्या. कारण सांगायचं राहिलं, नुसतं काढा, काढा. ज.चं तोंड एवढंसं झालं. मनीषा म्हणाली, "पप्पा, अडीच वर्षांनी घरात घेतलंत आणि दिलेलं परत मागता? सगळ्यांसमोर?"
"परत कोण मागतंय!"
पण ऐकायला कोण थांबलंय. गाडी वळवून गेले. वळताना चाक आत कुठेतरी घासल्याचा आवाज आला.
सौ.: "वाण परत घेत नसतात हो." तिलाही तेच वाटलं. कपाळ माझं.

३ ऑगस्ट, मंगळ.
ज. फोन उचलत नाही. मनीषानं उचलला. समजावून सांगितलं, भोकाच्या कडेला चीर पडते, पडली तर चाक फुटतं. ती म्हणाली, "तो म्हणतो, मामांना देऊन पश्चात्ताप होतोय, आता निमित्त काढतायत."
"मग बसत नव्हती तर तेव्हाच का नाही सांगितलंत?"
"कसं सांगणार पप्पा? पहिल्यांदा काही दिलंत तुम्ही. ते बसत नाही म्हणून सांगायचं?"
रविवारी कळवणला जाणार आहेत, सासूबाईंना भेटायला. त्याच गाडीनं. दिंडोरी, वणी, सगळा खड्ड्यांचा रस्ता.

५ ऑगस्ट, गुरु.
जेवण जात नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गप्प बसलो तर पोर त्या चाकांवर. बोललो तर जावई पुन्हा गेटबाहेर, आणि त्याच्याबरोबर ती पण.
सौ. म्हणाली, "फोनवर नाही व्हायचं. जा तिकडे."
मी म्हटलं, मी त्या दारात
म्हटलंच नाही पुढे. तिनं बघितलं फक्त.

७ ऑगस्ट, शनि.
गेलो.
आधी अंबडला जाऊन चीर तपासायचे स्प्रे विकत घेतले, लाल आणि पांढरा. कारखान्यातनं आणायची आपली रीत नाही. स्कूटरच्या डिकीत डबे, चिंध्या, मोजायला व्हर्निअर. सिडकोत पत्ता विचारत विचारत. लेकीच्या घराचा पत्ता पानवाल्याला विचारायचा म्हणजे!
दार ज.नं उघडलं. मी म्हटलं, "चाकं तपासायला आलोय. परत न्यायला नाही." तो बाजूला झाला. मनीषा पाणी घेऊन आली. दोन खोल्या, स्वच्छ. दारामागे लोखंडी डिस्क टायरसकट रचून ठेवलेल्या. विकल्या नव्हत्या, बरं झालं.
खाली जॅक लावून एकेक चाक उतरवलं. ज.नंच पाना चालवला. चाक पुसायचं, लाल फवारायचं, मुरू द्यायचं, पुसून काढायचं, वर पांढरं. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. सगळं आयुष्य हेच केलं. रेघ असेल तर रिजेक्टचा शिक्का, नसेल तर पास. वाद नाही.
पहिलं चाक स्वच्छ. दुसरं, तिसरं स्वच्छ. चौथं ते काठाच्या भोकाचं. दोघंही उकिडवे बसून बघत होतो. मी मनात म्हणत होतो, ये, रेघ ये. एक रेघ आली की प्रश्न मिटला.
नाही आली.
ज. म्हणाला, "मग पास ना, मामा?"
आज चीर नाही म्हणजे उद्या नाही असं नव्हे, हे मला कळतं. वणीच्या रस्त्यावर काय होईल ते कुठल्या डब्यात दिसत नाही. पण दाखवायला हातात काहीच नाही. शिक्का मारता येईना. ओरडूनही बघितलं होतंच.
मग म्हटलं, "रेघ नाही. पण माझी मुलगी बसते यात. मला झोप लागत नाही. काढा एवढी."
अशी विनवणी मी कुणाला केलेली नाही. साहेबालाही नाही.
ज.नं चिंधीनं चाकावरचं पांढरं पुसलं. मग म्हणाला, "बरं मामा."
चहा घेऊन आलो. साखर जास्त होती, प्यायलो.

८ ऑगस्ट, रवि.
दुपारी मनीषाचा फोन कळवणहून. "पोचलो पप्पा. लोखंडी चाकं घातलीत त्यानं, पहाटे उठून."
सौ.ला म्हटलं, अनारसे उरलेत का? दोन खाल्ले. बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

१५ ऑगस्ट, रवि.
सकाळी झेंडावंदन करून पेट्रोल पंपावर स्कूटर लावली तर पुढे पांढरी झेन. ज. एकटाच. पिंपळगावला धंद्याची कुणी पार्टी बघायला निघालेला. गाडीला अलॉय. आठ भोकांची.
मी बोटानं दाखवलं नुसतं.
तो हसून म्हणाला, "मामा, मनीषा बसली की लोखंडी, शब्द दिलाय ना. एकटा असलो की तुमची. वाण आहे, असंच कसं टाकणार?"
"दर वेळी बदलता?"
"सवय झाली."
टाकी भरली, हात केला, हायवेला लागला. दोन ट्रकांच्या मधनं गेला. दिसेनासा होईपर्यंत मी त्या मागच्या चाकाकडे बघत उभा. पंपवाला म्हणाला, "काका, पुढे घ्या ना."
घरी येऊन सौ.ला सांगितलं. म्हटलं, शब्द पाळलाय त्यानं. मी मागितलं तेवढं दिलं. मी मागताना मुलीचंच नाव घेतलं होतं.
सौ. निवडत असलेली मेथी तशीच ठेवून म्हणाली, "म्हणजे तो बसला तर चालतंय, असं सांगून आलात?"
तसं नव्हतं. पण त्यानं तसंच ऐकलं असणार. आणि ऐकूनही बरं मामा म्हणाला.
दुपारपासून फोन लावतोय. रेंजच्या बाहेर आहे म्हणते बाई. पिंपळगावहून एव्हाना यायला हवा होता. मनीषा म्हणते, येईल की, काय घाई आहे.
पाऊस नाही. स्कूटर काढतोय. तो येईपर्यंत त्यांच्या दारात बसेन. काय बोलायचं ते नीट जुळत नाही. प्रवीण, काढ रे ती चाकं. तुझ्यासाठी काढ. एवढं तरी.