न पिणाऱ्याचं लिव्हर

४ जानेवारी १९७६
उजव्या बरगडीखाली जड वाटतं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी पोट दाबलं. म्हणाले, लिव्हर वाढलंय. मग चष्म्यावरून बघत विचारलं, किती घेता? मला! गावच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्षाला! आयुष्यात थेंब नाही. खाणंही सात्त्विक. तूप, गूळ, शिरा, बासुंदी. बाकी काही नाही.
वजन उतरवा म्हणाले. सोपं आहे. उद्यापासून पहाटे चालणे.

७ जानेवारी
थंडी फार. थंडीनं लिव्हर आखडत असावं. चालणं संक्रांतीनंतर.

१५ जानेवारी
काल संक्रांत. तिळगूळ नाकारणं म्हणजे माणसं तोडणं. एकही माणूस तोडला नाही.

२० जानेवारी
आमची बायको हरणाबाई पाणवठ्यावर बोलली. गावभर झालं. शेजारचा कृष्णात घरी आला. रिटायर्ड हवालदार, मिलिटरी रमचा जुना भक्त. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नानासो, आदी सांगायचं न्हाई व्हय रं? एकट्यानं कशापायी पितूस?"
संध्याकाळी समितीची बैठक. जो तो माझ्या तोंडाशी नाक आणून बोलत होता.

२ फेब्रुवारी
ठरलं. मिरजेला जाऊन लिव्हरचा तुकडा तपासून घेणार. सुई घालून काढतात म्हणे. रिपोर्टात ‘दारू नाही’ आलं की देवळात मोठ्यानं वाचणार. सोबत कृष्णात येतोय. त्याचंही पोट दाखवू. डॉक्टर हबकतील.

१२ फेब्रुवारी
सुई झाली. श्वास रोखा म्हणाले, रोखला. ओरडलो नाही. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उगाच दचकून उठला.
कृष्णातचं लिव्हर हाताला लागत नाही. ठीक आहे म्हणे. ठीक! तरी बाटली सोडा, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं. तेवढंच समाधान.

२३ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. पेशींमध्ये चरबी ठासून भरलीय. सूज आहे. आणि मधूनमधून बारीक तंतू, जखम भरल्यावर वण राहतो तसे. न पिणाऱ्या जाड माणसांतही असं सापडतं, डॉक्टर म्हणाले. लघवीत साखरही निघाली. वजन उतरलं तर चरबी जाईल, वणांची खात्री नाही. ते वाढत गेले तर लिव्हर टणक होतं, पोटात पाणी होतं.
मी म्हटलं, तेवढं ‘दारू नाही’ लिहून द्या. म्हणाले, तुकड्यावरून ते सांगता येत नाही. पिणाऱ्याचं आणि न पिणाऱ्याचं, दोन्ही लिव्हरं सारखीच दिसतात.
घरी हरणाबाई रडली. "आवं, पीत असता तर बाटली फोडली असती मी. ह्यो तोंडातला घास कसा काढून घिऊ?" ती रडत होती म्हणून ताटातला शिरा संपवला. वाया कशाला?

१ मार्च
सकाळी हरणाबाईला सांगितलं, सोमवारपासून नक्की. ती म्हणाली, आज सोमवारच हाय. आणि चपला पुढ्यात ठेवल्या.
निघालो. चावडीपर्यंत गेलो. छाती भात्यासारखी झाली, पायरीवर बसलो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी, पाय लटपटले. कृष्णात ओढ्यापर्यंतची रोजची दौड मारून परत येत होता. त्यानं काखेत हात घालून मला घरी आणलं. मी डुलत, तो सावरत.
दोन्ही बाजूंना लोक दारात उभे होते. समोरच्या घरातली पारूबाई सुनेला म्हणाली, "बग गं. आज तर सकाळीच."