सुनावणीत मी गप्प का होते

आई,

गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

टीव्हीवर सुनावणीत मी गप्प बसलेली पाहून शेजारची डॉरीन हसली म्हणे. तिला सांग, आमदारांची चौकशी करणाऱ्या आमच्या नीतिमत्ता आयोगाकडं कुणाविरुद्ध तक्रार आली हे आम्ही बोललो, तर तुरुंगात आम्हीच जातो. हा कायदा विधिमंडळानंच केलाय. आता आयोग सुधारायला त्यांनी समिती नेमली आणि अध्यक्ष कोण, तर आपल्या भागाचे सिनेटर ग्रिंडल.

त्या समितीच्या भर सुनावणीत ते मला विचारतात, "बाई, वर्षभरात कुणाला पकडलंत, की नुसत्या खुर्च्या उबवल्यात?"

मी म्हणाले, "कायद्यानं सांगता येत नाही."

सगळे खो खो हसले. मी बोलू शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग त्याच दुपारी आमचे निम्मे तपासनीस कमी करायचा ठराव झाला. याला म्हणे सुधारणा.

माझ्या नोकरीची काळजी करू नकोस. फक्त एक कर. थँक्सगिव्हिंगच्या सणाला ग्रिंडल दरवर्षी तुला जेवणासाठी टर्की कोंबडी पाठवतात, ती यंदा दारातूनच परत कर. कारण विचारलं तर म्हण, मुलीला सांगायची बंदी आहे.

तुझी संतापलेली,
वर्ना