विहिरीचे पुसलेले दोन ठिपके

१० एप्रिल १९३१
डोकं भणभणतंय. आमचा पुतण्या माधव पुण्याच्या कॉलेजातून सुट्टीला आलाय. त्याला गल्लीच्या विहिरीची मापं दिली. माघापासून दर सोमवारी दगड बांधून दोरी सोडतोय मी. सूत रंगवणाऱ्या अण्णाप्पाला रंगखान्यासाठी रोज गाडीभर पाणी पाहिजे. पंचांनी मलाच विचारलंय, दिलं तर गल्लीला पावसापर्यंत प्यायला उरेल का. माधवनं कागदावर मापांचे ठिपके मांडले, पदांवर पदं चढवून त्यांतून जाणारं समीकरण बसवलं. "काका, एकही ठिपका सुटत नाही." रेघ सापासारखी. तीच पुढं ओढली, तर ज्येष्ठात पाणी काठावरून गल्लीत. सौ. म्हणाली, "बरं झालं, शेंदायचा त्रास वाचला." मला हसू आलं नाही.

११ एप्रिल
म्हटलं, शेवटची तीन मापं झाकून ठेव. आधीच्यांवर रेघ बसव, मग उघडून बघ. "हातातली मापं वाया घालवायची?" तोंड वाकडं. शेवटी केलं. पुरुषभर चुकला. माझी रेघ दोनच आकड्यांची: सुरुवातीला पाणी कुठं होतं, आठवड्याला किती उतरतं. ती वीतभर चुकली. पोर नीट जेवलं नाही. भाकरी मीच वाढली ताटात. राग तरी गेला नाही.

१२ एप्रिल, सकाळ
तळपायाची आग मस्तकात. एकही सुटत नाही म्हणे. शिमग्याच्या सुमाराचे दोन ठिपके यानं आधीच पुसलेत. "फार खाली होते, काका. दगड पाण्याखाली बुडून दोरी जास्त गेली असेल." अरे, तेव्हा दोन आठवडे अण्णाप्पाची पाण्याची गाडी चालवून बघितली होती की. पंचांच्या प्रश्नाचं उत्तर देणारे तेवढेच दोन, आणि नेमके तेच...

संध्याकाळ
माझ्या रेघेपासूनही ते दोन लांबच आहेत. थोडं इकडंतिकडं व्हायचंच, म्हणून मीही पुढं गेलो होतो. तिसरा आकडा पाहिजे, गाडीनं किती उतरतं त्याचा. दोन ठिपक्यांवर तो ठरायचा कसा? आता शिव्या कोणाला द्यायच्या.

१३ एप्रिल
पंचांना खरं ते सांगितलं. अजून मापं पाहिजेत, आणि गाडी चालल्याशिवाय ती मिळायची नाहीत. अण्णाप्पा खूश. "मोजा की तात्या, लई मोजा. उद्याच गाडी लावतो." असा संताप झाला. पाणी उरेल का हे कळायला पाणीच घालवायचं. परतताना माधवनं विचारलं, "काका, किती आठवडे मोजायचं?" कमी मोजलं तर कळणार नाही, जास्त मोजलं तर...

घरी सौ. उद्याच्या आत पाणी भरून ठेवायला माळ्यावरचे हंडे काढून चिंचेनं घासत बसली होती. मीही एक ओढला.