घंटा चढेपर्यंत

१० फेब्रुवारी १९९७, सोमवार

बारामतीहून सकाळच्या एस.टी.नं निघालो, कळंब मागं टाकलं आणि फाट्यावर उतरलो. दोन्ही अंगाला ऊस, मधून कच्चा रस्ता आणि टोकाला देऊळ. म्हणजे ख्रिस्ती लोकांचं. ते चर्चला देऊळच म्हणतात, हे आजच कळलं. काळा दगड, शेजारी चौकोनी उंच मनोरा. जुनी घंटा तडकल्यावर उतरवली, तेव्हापासून मनोरा बंदच होता. आता भिंतींचे सांधे भरायचे, कौलं बदलायची, वर सागवानी चौकट बसवायची आणि महिनाअखेर येणाऱ्या दोन नव्या घंटा तिला टांगायच्या. ईस्टरला पहिल्यांदा वाजणार. चौकटीचा नकाशा इंग्रजीत आणि आबाजी मिस्त्रींना इंग्रजी येत नाही, म्हणून माझी वर्णी लागली. कॉलेज अर्धं का होईना, कामाला आलं!

पाळक, म्हणजे इथले पाद्री, रतनसाहेबांनी मागची खोली दिली. झाडलोट करणाऱ्या लीलाबाईंनी पिठलं-भाकरी वाढली आणि कुणाचा रं तू, म्हणून विचारलं. जळोचीचा, धनगराचा, म्हटल्यावर खुदकन हसल्या. म्हणाल्या, मेंढरं सोडून मनोऱ्यातली कबुतरं राखाया आलास व्हय?

गावाकडं योगिनीचं म्हणणं एकच. सरांच्या अंगावर डस्टर फेकून कॉलेज सोडलंस, एमआयडीसीतली नोकरी अकराव्या दिवशी सोडलीस; एक काम पुरं करून दाखव, मग माझ्या वडलांकडं मागणी घाल. नऊ मार्चला तिला बघायला अकलूजचे लोक येणार आहेत. त्याच्या आत मी तिच्या वडलांपुढं उभा असणार. चार आठवडे आहेत. रग्गड झाले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सांध्यांना सिमेंट का नको, असं विचारलं तर आबाजी खेकसले. म्हणे जुन्या दगडाला जुनंच औषध लागतंय. चुना, वाळू, गुळाचं पाणी, हिरड्याची पूड. दिवसभर चुना घोटून खांदे भरून आलेत, पण मजा येते. मनोऱ्याच्या पायऱ्या बेचाळीस. रोज दहादा चढउतार, आता पायच मोजतात.

वर चारी बाजूंना कमानी आहेत. तिथून कालवा दिसतो, कारखान्याचा धूर दिसतो. जळोची दिसत नाही, तरी मी त्याच बाजूला बघत बसतो. गवंडी चिडवतात, जावईबापू, घमेलं उचला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तुळई दोन बोटं आखूड निघाली. माप माझंच. आबाजी मनोऱ्यावरच, सगळ्यांच्या देखत म्हणाले, अर्धं कालेज, अर्धी अक्कल. घंटा चढायच्या आत ह्ये बी काम टाकून पळतंय का न्हाय बघा. सगळे खिदळले. माझं डोकं फिरलं. खिशात आईनं दिलेली भंडाऱ्याची पुडी होती. आमच्यात भंडारा उचलला की बोलणं संपलं. जीव गेला तरी शब्द मोडायचा नाही. मूठ भरली आणि ओरडलो, दोन्ही घंटा माझ्या हातानं टांगल्याशिवाय ह्या मनोऱ्यावरून खाली उतरणार न्हाय!

हसणं थांबलं. आबाजी हळू आवाजात म्हणाले, पोरा, भंडारा खंडोबापुढं उचलत्यात. हितं कुणापुढं उचललास? मी म्हटलं, तुमच्यापुढं. पण ते माझ्याकडं बघतच नव्हते. घंटेच्या रिकाम्या जागेकडं बघत होते.

काम सोडणार नाही, एवढंच म्हणायचं होतं. रागात भलतं बोललो. असो. भूक लागलीय, जेवायला उतरतो.

त्याच दिवशी, दुपारी

बेचाळीस पायऱ्या उतरलो. दार ओलांडलं. समोर चौकट, चार कमानी. वरच आहे.

पुन्हा उतरलो. वरच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आबाजींनी मनगट धरून मला खाली न्यायचं ठरवलं. ते पुढं, मी मागं, मोठ्यानं पायऱ्या मोजत. विसापर्यंत त्यांची पकड चांगली घट्ट होती. बेचाळिसाव्या पायरीला मी वर, एकटा. आबाजी खालून हाका मारत होते. म्हणत होते, विसाव्या पायरीलाच हात मोकळा झाला, मला वाटलं तूच सोडवलास.

मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ आहेत. मी सोडवला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

उपासना आटोपून सगळे मनोऱ्याखाली जमले. कमरेला दोर बांधून मला बाहेरून खाली सोडलं. डोळे उघडे ठेवले. दगड वर जाताना दिसले, लीलाबाईंचं तोंड जवळ आलं, त्या हात पुढं करून उभ्या होत्या. पाय टेकले. लाकडावर. वरच्या फळ्यांवर.

खालच्यांना काय दिसलं, ते कुणी सांगेना. गवंडी साहित्य तिथंच टाकून गेले. लीलाबाई पदरात तोंड घालून बसल्यात. भाकरी मात्र त्याच वर पाठवतात, दोराला टोपली बांधून. भाकरी बिनतक्रार येते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आई आली. वर येते म्हणाली, मी शिव्या घालून अडवली. तिनं खंडोबाला कौल लावला होता. देवानं सांगितलं, ही आण माझ्यापाशी न्हाय, मी कशी सोडवू? पाळकसाहेब तीन दिवस जिन्यात गुडघे टेकून प्रार्थना करतायत. आज म्हणाले, बाळा, ऐकणारा कुणीतरी आहे, पण तो माझा प्रभू नाही.

आता एकच वाट. घंटा टांगायच्या. शब्द पुरा करायचा.

१ मार्च, शनिवार

घंटा आल्या! गेलेल्यांपैकी आबाजी एकटे परत आले, भला माणूस. नवी तुळई करून दोरानं वर पाठवली, मी बसवली. कप्पीला दोर घातला. खालून बैलजोडीनं ओढायचा, वर मी धरायचा.

सकाळपासून ओढतायत. बैल उसात दिसेनासे होईपर्यंत गेले, परत आणले, पुन्हा गेले. घंटा माणसाच्या डोक्याएवढीच वर. लोंबकळतेय. एक बोट जवळ येत नाही.

भाकरी येते. तुळई आली. मला हितं ठेवायला जे लागतं, तेवढं येतं — घंटा येत नाही.

५ मार्च

दोर तुटला. घंटा पडली, आवाज झालाच नाही. खालीसुद्धा कुणाला ऐकू आला नाही — आबाजी खाली मान घालून गेले.

ओरडून ओरडून घसा बसलाय.

९ मार्च

आज अकलूजचे लोक. जळोचीच्या बाजूला तोंड करून बसलो. चार कमानी आहेत. चारीकडून तोच ऊस —

तोच कालवा — चारीकडून.

१० मार्च

लीलाबाईंनी भाकरीवर चिठ्ठी ठेवली. योगिनीनं स्थळाला नाही म्हटलं. घरातून निघालीय. इकडं.

नको. तिला वर येऊ देईल तो ऐकणारा — येऊच देईल —

दुपार. रस्त्यावर तीच. पिवळी ओढणी. परत जा म्हणून हात हलवले, उलटं समजली, पळत सुटली. आवाज फुटत नाही घशातून. लीलाबाईंनी ओढणी धरली, ती झटकून आत शिरली.

जिन्यात पावलं. मी उतरलो तिला अडवायला — वरच. पुन्हा — वरच —

हे पान तिच्यापुढं धरीन. योगिनी, मागं फिर, काही बोलू नको, हितं रागानं काही बोलायचं नसतं —

तीस. एकतीस. चिडलीय ती. माझ्यासारखीच. जिन्यातून ओरडतेय, भंडारा आणलाय म्हणतेय, तुझ्या आईनं दिलाय, ऋषी, आता बघतेच कोण अडवतंय, तुला घेतल्याशिवाय मी खाली उत