तार माझ्या नावाने

मंगळवार, ४ मार्च
तार माझ्या नावाने आली. चष्म्याच्या कारखान्यात काच घासत होते. मुकादम स्वतः घेऊन आला. हात पुसून उघडली. ‘आपले पती हवाई मोहिमेवरून परतलेले नाहीत. बेपत्ता. तपास चालू.’

त्याचं घर सोडून सहा महिने झाले. विमानदलात जातोय हे त्याने मला नाही, गणवेश शिवणाऱ्या शिंप्याला आधी सांगितलं! त्याच दिवशी मी बॅग भरली. पण त्याच्या कागदांवर जवळचं माणूस म्हणून अजून मीच. म्हणजे त्याच्या आईला काहीच कळलेलं नाही. सांगायला मीच जायचं — पण कोणत्या तोंडाने?

बुधवार, ५ मार्च
गेले. सासूबाईंचं इस्त्रीचं दुकान तसंच — वाफ, ओल्या सुताचा वास. मला बघून म्हणाल्या, “कपडे राहिलेत का तुझे काही?” मी तार वाचून दाखवली. त्यांच्या हातातली इस्त्री कॉलरवर तशीच राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा मीच उचलली.

“बेपत्ता म्हणजे?”

“म्हणजे त्यांनाही माहीत नाही.”

“मग तसं लिहायचं ना. एवढा मोठा शब्द कशाला?”

शनिवार, १५ मार्च
काही बातमी नाही.

सोमवार, २४ मार्च
त्याच्या अधिकाऱ्याचं पत्र. तेही मलाच. विमान समुद्रावर शेवटचं दिसलं. पॅराशूट उघडलेलं कुणी पाहिलं नाही, पण ढग फार होते. सासूबाईंनी ढग तेवढे धरून ठेवलेत. गिऱ्हाइकांना सांगतात, “ढगच होते, दिसणार कसं?” मी मान हलवते.

हल्ली काम सुटलं की पाय तिकडेच वळतात. कपड्यांवर पाणी शिंपडते, घड्या घालते. जेवायला थांब असं त्या म्हणत नाहीत. नुसतं दुसरं ताट मांडतात.

रविवार, ६ एप्रिल
आई म्हणते, “सोडलंस ना ते घर? मग रोज तिकडे कशाला?” बरोबर आहे तिचं. शेजारीण गळ्यात पडून रडली — “किती जीव होता गं तुमचा एकमेकांवर.” मी हो म्हटलं. खोटं बोलले का? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आज सासूबाईंनी पहिल्यांदाच विचारलं, “का गेली होतीस?” शिंप्याचं सांगितलं. त्यांनी चार सदऱ्यांच्या घड्या घातल्या. मग म्हणाल्या, “मला तर छावणीत पोचल्यावर पत्राने कळवलं त्याने. आईला.”

एवढंच. मग पुढचा सदरा घडीसाठी माझ्याकडे सरकवला.

गुरुवार, १ मे
दुसरी तार आली. जिवंत आहे. शत्रूच्या ताब्यात, युद्धकैदी. पाय मोडलाय. धावतच दुकानात गेले, दोनदा वाचून दाखवलं. सासूबाई स्टुलावर बसल्या, ओंजळीत तोंड लपवून. मग मान वर केली. म्हणाल्या, “चल, आता त्याच्यावर रागवायला आपण दोघी मोकळ्या.”