नातीची बिनचाकी गाडी

विहीणबाईंना,

सप्रेम नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? माझे जागेवर आहेत, एवढंच म्हणते. बोल माझे, अक्षर आपल्या नातीचं. तिची बदली तुमच्या शहरात होतेय आणि ती तुमची मागची खोली मागणार आहे, हे कळलंच असेल. पोरगी गुणाची आहे. (हे ती लिहीतच नव्हती, दोनदा वाचून दाखवायला लावलं, तेव्हा कुठे कागदावर उतरलं.)

तर परवा तिने मला तिच्या गाडीत बसवलं. चाचणीला माणसांच्या जागी वाळूची पोती बसवतात. पोती तक्रार करत नाहीत, म्हणून साहेबांनी एक म्हातारी मागवली. गाडी लोहचुंबकावर तरंगते म्हणे, म्हणून मी घरूनच आकडे, पिना, किल्ल्या, होतं नव्हतं ते लोखंड उतरवून गेले. अंबाडा जिन्यातच सुटला. साहेबांपुढे मी केस मोकळे सोडून उभी, आणि नात म्हणते, "आजी, चुंबक खाली असतात. तुझ्या आकड्यांशी त्यांचं काय वैर?" आदल्या दिवशी सांगायला काय तोंड शिवलं होतं?

पण विहीणबाई, गाडी म्हणजे गाडी. वाकून पाहिलं, चाकाचा पत्ता नाही. बोटभर अधांतरी. शेजारच्या पोत्यातला कण हलेना. बराच वेळ वाट पाहून मी विचारलं, "सुटायची कधी?" तर म्हणाली, "अर्धी वाट सरली." तुमचं शहर एकोणीस मिनिटांत. एवढ्यात आमच्या नळाला गरम पाणीही येत नाही.

सात वर्षं ती ताटाशेजारी या गाडीचे कागद पसरून बसायची आणि मी ओरडायचे. त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही. पण उतरताना तिने साहेबांच्या आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, ते कळलं. साहेबांना म्हटलं, दोष एकच, बूड टेकतं न टेकतं तोच उठवता.

तिला खोली द्या. वेळेवर जेवायला घाला. पोर तुमच्या पदरात टाकतेय.

तुमची विहीण

ता. क. नात कामावर गेली. हे अक्षर समोरच्या शिंप्यांचं. खोलीचं वर लिहिलंय ते सोडून द्या. खोलीत धान्य भरा, छत गळतंय म्हणा, भाडेकरू ठेवा. एकोणीस मिनिटांवर कामाला असलेली पोर रात्री इथे आपल्या घरी झोपू शकते.

आणखी एक. शिंपी म्हणतात, तसं बघितलं तर ती तुमच्याकडे राहूनही मला रोज भेटून जाऊ शकेल. तुमच्या हे ध्यानात आलं असेल, तर कृपा करून तिच्याजवळ बोलू नका.