वाढत्या अंगाची भीती

तीर्थस्वरूप वन्सं,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आम्ही ठीक. हे रोज सकाळी आधी पंपांच्या कारखान्याचा भाव बघतात आणि मगच चहाला हात लावतात. (निवृत्त होताना मिळालेले सगळे शेअर अजून तसेच आहेत. विकायचं नाव काढलं की “ज्यानं आपलं घर उभं केलं त्याला विकू?” म्हणतात, जसा काही मी भंगारवाला बोलावलाय.) म्हातारपणाची आमची पुंजी ती तेवढीच, आणि या तिमाहीचा निकाल वाईट लागणार अशी कुजबुज. माझी झोपच उडाली.

धावून आली ती तुमची धाकटी भावजय. वन्सं, काय बाई आहे ही! एका हाताने भाजी परतत तिने मला पुट ऑप्शन समजावला. ठरलेल्या तारखेपर्यंत ठरलेल्या भावाने शेअर विकायचा हक्क. भाव पडला तर नुकसान भरून निघतं, नाही पडला तर भरलेले पैसे गेले. महिन्याचा स्वस्त, तीन महिन्यांचा महाग. मी अर्थात स्वस्तावर बोट ठेवलं. ती म्हणाली, “ताई, भीती वाढत्या अंगाची असते. अगदी मापाचं घेऊ नका.” (मला कॉन्व्हेंट शाळेचा झगा आठवला. आई पायघोळ शिवून घ्यायची, सिस्टर तोंडावर हात धरून हसायच्या, आणि तो चौथीपर्यंत पुरायचा.) तरी मी हट्टाने महिन्याचाच घ्यायला लावला.

झालं! कारखान्याने निकालच पुढे ढकलला. माझ्या पुटाची मुदत संपली, तो कवडीमोल झाला, आणि पुढच्याच आठवड्यात निकाल लागून भाव धाडकन आपटला. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. धाकटीने दार वाजवलं. “ताई, रडून झालं की या बाहेर. तुमच्या पैशांतून तुमच्या हट्टाचा घेतला होता, माझ्या पैशांतून माझ्या मताचा. तो अजून जिवंत आहे. त्यातलं मिळेल ते तुमचं.” सख्ख्या बहिणीनेही एवढं केलं नसतं.

तुमची,
मधली भावजय

ता. क. खरं काम पुढेच आहे. धाकटीच्या पुटाची मुदतही कधीतरी संपणारच. त्याआधी ह्यांना फोन करून निम्मे तरी शेअर विकायला लावा. तुमच्या आवाजाला हे अजून टरकतात. पुटाचं मात्र चकार शब्दाने बोलू नका. कारखान्याच्या वाईटावर टपलीस म्हणतील.

पुन्हा ता. क. पाकीट पेटीत टाकायला ह्यांच्याकडे दिलं, ते उघडून परत आलं. ह्यांनीही धाकटीला शपथ घालून माझ्या चोरून पुट घेतला होता म्हणे. तोही महिन्याचाच! तिने ह्यांनाही तीन महिन्यांचाच सांगितला होता. तेव्हा फोन कराच, पण धाकटीला. ती म्हणेल ते मग आम्हां दोघांना रागावून सांगा. ती फार गोड बोलते, म्हणून आम्ही ऐकत नाही.